सही करण्याआधी

२२ जानेवारी २०१८ रोजी विखरणच्या धर्मा पाटलांनी मंत्रालयात विष घेतले. २८ तारखेला ते गेले. आधी औष्णिक वीज प्रकल्प म्हणून घेतलेली आणि पुढे सौर प्रकल्पाकडे वळवलेली त्यांची पाच एकर जमीन. हातात पडले चार लाखांच्या आसपास. शेजाऱ्याला कितीतरी पट जास्त आणि मला एवढेच का, हा त्यांचा साधा सवाल होता. त्यासाठी त्यांनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले.

त्यांना कायदा कळत नव्हता म्हणून असे झाले, असे आम्ही म्हणणार नाही. दोष व्यवस्थेचा आहे. पण आपल्या घरातही पाहू. नोटीस येते, बाप ती खुंटीच्या पिशवीत ठेवतो. पोरगा पदवीधर, पण सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' रकाना त्याला वाचता येत नाही. आम्ही शेतकीची पदवी घेतली, मातीचा सामू मोजायला शिकलो. ती माती हातून कशी जाते, हे पुढे आंदोलनात कळले.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आमची सूचना आहे. आखाजीनंतर, कपाशी लागवडीच्या धांदलीआधी, दोंडाईच्यात तरुण पोरा-पोरींचा आठ दिवसांचा कायद्याचा वर्ग भरवावा. भाषणे नकोत. ज्याने त्याने घरचा सातबारा, आठ-अ, फेरफार आणि बियाण्याची पावती आणावी. तेच पुस्तक.

आठ दिवसांत वकील होत नाही, हे खरे. पण एवढे नक्की शिकता येते: भूसंपादनाचा मोबदला घेताना 'निषेध नोंदवून स्वीकारला' असे लिहिले नाही, तर वाढीव मोबदला मागण्याचा हक्क जातो. १८९४ च्या कायद्यात ही अट होती, २०१३ च्या कायद्यातही आहे. निवाड्याच्या वेळी हजर असाल, तर अर्जाला मुदत फक्त सहा आठवडे. तीन शब्द आणि सहा आठवडे. यावर घरादाराचे भवितव्य ठरते!

बोगस बियाण्यात शेतकरीही ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सांगितले. पण पावती, पिशवी आणि मूठभर बियाणे जपले नसेल, तर भांडणार कशावर? आखाजीला माहेरी आलेल्या लेकीपुढे हक्कसोडीचा कागद सरकवला जातो. २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत तिचा भावाइतकाच वाटा आहे, हे तिला सही करण्याआधी कळले पाहिजे. हा धडा आपल्याच घराविरुद्ध जातो. म्हणून तो आधी शिकवावा.

शेवटच्या दिवशी मात्र दुसरा धडा. सगळेच कायदे पाळण्याच्या लायकीचे नसतात. १९५१ साली घटनेला नववे परिशिष्ट जोडून जमिनीचे कायदे न्यायालयापासून झाकून ठेवले गेले. जो कायदा वाचेल, तोच तो बदलायला उभा राहील.

बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन नावे आणावीत. त्यातले एक मुलीचे असावे.