निशाणी बदलली, वाडी तिथेच!

दि. २ जुलै २०२३. मुंबईत राजभवनावर घाईघाईने शपथविधी झाला. सकाळी विरोधी पक्षनेते असलेले अजित पवार दुपारी उपमुख्यमंत्री झाले. दि. १९ जुलै २०२३. रात्रीच्या अंधारात, धो धो पावसात खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. ठाकर आदिवासींची झोपलेली वस्ती मातीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. वाडीला गाडीरस्ता नव्हता, म्हणून माती उपसायची यंत्रे वर पोहोचली नाहीत. जवानांना कुदळ-फावडी घेऊन डोंगर चढावा लागला.

या दोन तारखांत अंतर फक्त सतरा दिवसांचे! तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे पायी वाडीवर गेले, हे आम्ही नाकारत नाही. परंतु प्रश्न दरड कोसळल्यानंतरचा नाही, त्याआधीचा आहे. एका दिवसात सरकारचा चेहरा बदलू शकणाऱ्या या राज्यात डोंगरावरच्या वाडीला साधा रस्ता द्यायला पाऊणशे वर्षे का पुरली नाहीत?

आम्ही राजकीय पंडित नाही. आम्ही भिसेगावचे, कर्जत स्थानकाला खेटून राहणारे सामान्य नागरिक. पहाटेची लोकल पकडायची, दोन तास मुंबई गाठायला आणि दोन तास परतायला घालवायचे, हे आमचे आयुष्य. राजकारण आम्हाला कळते ते डब्यात, चहाच्या टपरीवर आणि मतदानाच्या रांगेत. मागे एकदा फलाटावर एका तरुणाने गाठले. "जयभीम काका! एक विचारू? आपला पक्ष नेमका कोणता?" आम्ही उत्तर देणार तोच गाडी आली आणि आमची सुटका झाली. खरे सांगायचे तर गाडी आली नसती तरी आमच्याकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून तो प्रश्न आमच्या मागे लागला आहे.

आमच्या कर्जत मतदारसंघाचेच उदाहरण घ्या. विद्यमान आमदार महेंद्र थोरवे २०१४ साली शेतकरी कामगार पक्षाकडून लढले आणि थोडक्यात हरले. २०१९ साली ते शिवसेनेकडून निवडून आले. जून २०२२ मध्ये शिंदे यांच्याबरोबर गेले आणि २०२४ साली त्याच शिंदे गटाच्या शिवसेनेकडून पुन्हा निवडून आले. त्यांच्याविरुद्ध २०२४ साली जोराची लढत दिली ती सुधाकर घारे यांनी. ते महायुतीतल्याच अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे, पण उभे राहिले अपक्ष! कोणा एकाला दोष द्यावा म्हणून आम्ही हे लिहीत नाही. राज्यातला कोणताही मतदारसंघ उघडून पाहा, थोड्याफार फरकाने हीच कथा सापडेल. मित्र कोण आणि शत्रू कोण, हे मतदाराला मतपत्रिका हाती येईपर्यंत समजत नाही. आणि आता तर मत दिल्यानंतरही समजत नाही!

मग कायदा काय करतो? पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ साली ५२ व्या घटनादुरुस्तीने आला. त्यात एक तृतीयांश आमदार फुटले तर ती 'फूट' मानून माफ होती. २००३ साली ९१ व्या घटनादुरुस्तीने ती वाट बंद केली. पळवाट बंद झाली, पण पळणारे थांबले नाहीत. त्यांनी नवी वाट काढली. आम्ही पक्ष सोडलाच नाही, आम्हीच खरा पक्ष, असे म्हणायचे! निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२३ मध्ये धनुष्यबाण शिंदे गटाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये घड्याळ अजित पवार गटाला दिले. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ च्या निकालात राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावण्याचा निर्णय चुकीचा ठरवला. मात्र उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिलेला असल्याने त्यांचे सरकार परत आणता येत नाही, असेही सांगितले आणि अपात्रतेचा निवाडा विधानसभा अध्यक्षांकडे सोपवला. अध्यक्षांनी १० जानेवारी २०२४ रोजी दोन्ही गटांतील कोणालाच अपात्र ठरवले नाही. पुढे सभागृहाची मुदतच संपली. मतदाराच्या विश्वासाचे काय झाले, हा खटला कोणत्या न्यायालयात चालवायचा?

अशा वेळी बाबासाहेबांचे राजकारण आठवते. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी केंद्रीय मंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिलाची झालेली कोंडी हे त्यातले एक मोठे कारण होते. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईत त्यांचा पराभव झाला. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही पराभव झाला. संविधानाचा शिल्पकार दोनदा हरला! पण म्हणून जिंकणाऱ्यांच्या दारात जाऊन उभा राहिला नाही. खुर्चीसाठी तत्त्व सोडणे आणि तत्त्वासाठी खुर्ची सोडणे, यातला फरक समजण्यासाठी पदवी लागत नाही.

परंतु इतरांकडे बोट दाखवताना आपल्या घरात डोकावलेच पाहिजे. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि थोड्याच वर्षांत दुभंगला. पुढे ऐक्य झाले, ते फुटले. पुन्हा झाले, पुन्हा फुटले. १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत मात्र प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, रामदास आठवले आणि जोगेंद्र कवाडे असे चार नेते एकाच वेळी निवडून आले, तेही खुल्या मतदारसंघांतून! एकजुटीचे मोल काय असते, हे समाजाने त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर काय झाले, ते सांगण्याची गरज नाही. आज एक गट सत्तेच्या पंगतीत, दुसरा विरोधकांच्या ओसरीवर आणि तिसरा स्वतंत्र चूल मांडून बसलेला. प्रत्येकाच्या मंचावर बाबासाहेबांची तसबीर आहेच. मग त्या तरुणाने 'आपला पक्ष कोणता' असे विचारले तर त्याचे काय चुकले?

या सगळ्याची किंमत कोण मोजतो, हेही पाहू. मे २०२५ मध्ये 'लाडकी बहीण' योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे सुमारे ३३५ कोटी रुपये वळवले गेले. हा आरोप विरोधकांचा नाही. त्या वेळचे सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली होती. दीड हजार रुपये घेणारी बहीण आमच्याही घरात आहे आणि ते तिला मिळू नयेत असे आम्ही म्हणणार नाही. पण तिच्या मुलाच्या शिष्यवृत्तीचा आणि वसतिगृहाचा पैसा तिलाच ओवाळणी म्हणून देणे, हा कोणता न्याय? एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घातले, आणि वर उपकार!

आणि आमच्या रायगडचे कारभारी तेव्हा काय करत होते? जानेवारी २०२५ मध्ये अदिती तटकरे यांचे नाव पालकमंत्री म्हणून जाहीर झाले. मित्रपक्षातून विरोध होताच दुसऱ्याच दिवशी त्याला स्थगिती मिळाली. त्यानंतर महिनोन् महिने हा तिढा सुटला नाही. भांडण कशाचे? धोकादायक वाड्यांचे पुनर्वसन आधी कोणी करायचे याचे असते, तर आम्ही टाळ्या वाजवल्या असत्या!

मग सामान्य माणसाने निराश होऊन घरी बसावे काय? मुळीच नाही. आमच्याच कर्जत तालुक्यातले माथेरान पाहा. तेथे माणूस माणसाला हातरिक्षात बसवून डोंगरवाटेने ओढत होता. किती पक्ष आले, किती गेले, त्यांचे पाहुणेही त्याच रिक्षात बसून गेले. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही अमानुष प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांचे ई-रिक्षाद्वारे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. त्या खंडपीठाचे प्रमुख होते तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, म्हणजे १९९८ च्या त्या चौघांपैकी रा. सू. गवई यांचे चिरंजीव. आदेशाचा आधार होता संविधानातली मानवी प्रतिष्ठा. ज्याच्याकडे कोणताही पक्ष फिरकला नाही, त्याच्या बाजूने संविधान उभे राहिले. परंतु आदेश आपल्या पायांनी चालत नाही. ई-रिक्षाची चावी रिक्षा ओढणाऱ्याच्याच हाती पडते की कुण्या धनदांडग्याच्या, यावर पहारा ठेवण्याचे काम संघटनेचे आहे. आणि तीच तर आज आपल्याकडे नाही.

अशी संघटना याच जिल्ह्यात उभी राहिली होती. अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे संप केला. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणचा शेतकरी मुंबईत मोर्चाने उतरला. खोत एक होता, म्हणून कुळे एक झाली. त्यांनी एकमेकांची जात विचारली नाही. ते विधेयक मंजूर झाले नाही, पण खोतीचा पाया हादरला आणि स्वातंत्र्यानंतर ती कायद्याने गेली. ती माणसे निशाणीभोवती जमली नव्हती, प्रश्नाभोवती जमली होती!

म्हणून त्या तरुणाला आम्ही आता उत्तर देऊ शकतो. बाळा, आधी आपला प्रश्न कोणता ते ठरव, पक्ष मागाहून ठरेल. मत मागायला जो येईल त्याला उंबऱ्यावरच विचार: पक्ष सोडायची वेळ आली तर आधी आमदारकीचा, नगरसेवकपदाचा राजीनामा देणार का? आमच्या हक्काचा निधी कोणत्या वाडीवर, कोणत्या वसतिगृहावर खर्च झाला, याचा हिशेब दरवर्षी चौकात लावणार का? उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून आपल्या हाती आहे. दहा रुपयांच्या अर्जावर कागद मागता येतो. एकाने मागितला तर कचेरीतला बाबू हसेल, पन्नास जणांनी मागितला तर उठून उभा राहील.

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या नगरपरिषदांच्या निवडणुका कित्येक वर्षांच्या खोळंब्यानंतर झाल्या. राज्यभरात कालचे वैरी गळ्यात गळे घालून आणि कालचे मित्र एकमेकांच्या उरावर बसून लढले. नेत्यांना जर इतक्या सहज एकत्र येता येते, तर एकाच फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्या आम्हा लोकांना का येऊ नये? त्यांना जोडते ती सत्ता, आम्हाला जोडायला पाणी आहे, रस्ता आहे, शिष्यवृत्ती आहे. पुढच्या पावसाळ्याआधी डोंगराखालच्या एका तरी वाडीसाठी आपण सर्वांनी मिळून कागद मागितला, तर आमच्या मते तोच आपला पक्ष.