भात आपला, बाया आपल्या, मग वरचा तुकडा डब्यातला कशाला?

३१ डिसेंबर जवळ आला की जव्हार-मोखाड्याच्या घाटात मुंबई-नाशिकच्या गाड्यांची रांग लागते. यंदा आपल्याकडच्या एका होमस्टेचा पार्टी मेनू व्हॉट्सअॅपवर फिरतोय. त्यात सगळ्यात वर 'राइस बाइट्स'. म्हणजे भाताची एका घासाची वडी, तिच्यावर परदेशी डबाबंद मांसाचा तळलेला काप आणि भोवती समुद्री शेवाळाची पट्टी. आपली पोरं रील बघून शिकली. शिकली याचं कौतुकच आहे. राग वेगळ्या गोष्टीचा आहे.

हा पदार्थ मूळचा हवाई बेटांवरचा. तो डबा अमेरिकेत १९३७ साली निघाला आणि दुसऱ्या महायुद्धात सैन्याबरोबर जगभर गेला. हवाईत जपानी वंशाच्या मच्छीमारांवर तेव्हा बंधनं आली, ताजी मासळी दुर्मिळ झाली आणि डबा ताटात शिरला. त्या लोकांनी अडचणीतून स्वतःचा पदार्थ घडवला. सलाम त्यांना. पण पोरांनो, आपली अडचण कोणती?

'दादा, डबा फ्रिजशिवाय टिकतो, लाइट गेली तरी चालतं.' बरोबर आहे. मग सुकट, जवळा, बोंबील काय करतात? डहाणू-सातपाटीच्या किनाऱ्यावर वाळलेली मासळी आपल्या बाजारात कित्येक पिढ्या येतेय, तीही फ्रिजशिवाय. आपला डबा तोच, फक्त त्याला पत्रा नाही. पत्र्याचे रिकामे डबे १ जानेवारीला कुठल्या ओहोळात सापडतात, ते मी सांगायला नको.

'टुरिस्टला सुकटीचा वास चालत नाही.' मग गावठी कोंबडीचा सुका रस्सा घाला. अंडं घाला. आणि ज्याला जव्हारला येऊन जव्हारचं काहीच खायचं नाही, त्याच्यासाठी आपण किती वाकायचं?

करायलाही अवघड नाही. डिसेंबरात नवा तांदूळ घरात असतो आणि नव्याचा भात चिकट होतो. एरवी आपण त्याला नावं ठेवतो, वडीला मात्र तोच लागतो. जुना तांदूळ मोकळा शिजतो, वडी फुटते. भात कोमट असताना ओल्या हाताने वाटीत दाबा. मधे भाजून, धुऊन, कांदा-मिरची-आमसुलात परतलेला जवळा भरा. पळसाच्या पानावर मांडा. फक्त सकाळी करून रात्री वाढू नका. शिजलेला भात तासन् तास बाहेर राहिला की पोट बिघडतं. दोन तासांत संपेल एवढाच घाणा करा.

आता पैशाचं बोलू. रोजगार हमीची दिवसाची मजुरी २०२५-२६ साठी ३१२ रुपये ठरली. आयात केलेला एक डबा त्याहून महाग पडतो. म्हणजे जी बाई दिवसभर माती उचलते, तिच्या अख्ख्या दिवसाहून एक डबा मोठा! तोच पैसा बचत गटाकडे गेला, तर तांदूळ, कोंबडी, मजुरी सगळं तालुक्यातच राहील. दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघालेली दोन-चार घरं तरी थांबतील.

आणि हे फक्त पार्टीपुरतं नाही. १९९२-९३ ला वावर-वांगणीत बालकं दगावली, तेव्हापासून आपल्या कुपोषणावर कागद रंगतायत. पोषण आहारात ठेकेदार नको, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितलं. २०१५ च्या अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत ताजं शिजवलेलं जेवण आलं, पुढे मुलांना अंडी-केळी आली. म्हणजे पाकिटापेक्षा चुलीवरचं बरं, हे सरकारनेही कागदावर मान्य केलंय. मग आपणच आपल्या पाहुण्यांसमोर डबा उघडून 'हे भारी' म्हणायचं? उद्या अंगणवाडीत पुन्हा पाकीट आलं, तर कुठल्या तोंडाने भांडणार?

कोणी काय खावं यावर माझी बंदी नाही. ज्याला डबा आवडतो त्याने घरी खुशाल खावा. मागणी एवढीच: होमस्टे असो, ग्रामपंचायतीचा कार्यक्रम असो की साहेबांची कार्यशाळा, जेवणाची ऑर्डर आधी गावातल्या बचत गटाला विचारा. त्यांनी नाही म्हटलं तर मग बाहेर जा.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण आधी एक जवळ्याची वडी खाऊन या.