दयेचा हप्ता

वाशीमच्या एखाद्या व्हॉट्सॲप गटावर रात्री नऊ-साडेनऊला फोटो पडतो. अकोला नाक्याजवळ गाडीने उडवलेलं कुत्रं, मागचे दोन्ही पाय लुळे, अंगाखाली कुणाची तरी जुनी चादर, नजर थेट कॅमेऱ्यात. खाली दोन ओळी: उद्या एक्स-रेसाठी अकोल्याला न्यायचंय, आठ हजारांची गरज आहे, जमेल तेवढं करा. त्याखाली क्यूआर. मग ५१, १०१, २०१ येऊ लागतात. आहेराच्या पाकिटातला वरचा रुपया आपण मोबाइलवरही सोडलेला नाही. स्क्रीनशॉटवर स्क्रीनशॉट पडतात आणि सकाळपर्यंत रक्कम बहुधा जमते. तीच पोरं पंधरवड्याने त्याच गटावर लिहितात की बसस्थानकामागे बारा पिल्लं आहेत, त्यांना पार्वोची लस टोचून घ्यायची आहे, मदत करा. त्या मजकुराला दोन-तीन जोडलेले हात मिळतात आणि लगेच कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक येतो.

वाशीमकरांच्या दयेवर शंका घ्यायचं कारण नाही. ती भरपूर आहे, पण जखम पाहिल्याशिवाय तिचा हात खिशात जात नाही. रक्त दिसलं पाहिजे, तेही ताजं. भटक्या कुत्र्या-मांजरांच्या उपचारासाठी वर्गणी काढण्याचा जो प्रकार आता गावोगाव चालतो, त्याचं खरं दुखणं हे आहे. पैसा एका प्राण्याच्या नावाने येतो आणि त्याच्याबरोबरच संपतो. मागे ना पिंजरा उरतो, ना लशीचा साठा, ना रात्री प्राणी ठेवायची खोली. म्हणून पुढच्या अपघाताला पुन्हा फोटो काढावा लागतो.

जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. मांडीचं हाड मोडलेल्या कुत्र्यासाठी मात्र तो अजून अकोल्यातच आहे. एक्स-रे, रक्ततपासणी, भूल देऊन शस्त्रक्रिया अशी वेळ आली की ८० किलोमीटरच्या आसपास अंतर कापून अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेकडे धाव घ्यायची. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याची मांडणीच वेगळी. आवारात लोखंडी खोडा असतो. त्यात बैल उभा राहतो, म्हशीची तपासणी होते. मांजर त्या खोड्यात कुठे ठेवणार? १९६२ या क्रमांकावर येणारं फिरतं पथकही गोठ्यासाठी आहे. शेतीवर जगणाऱ्या जिल्ह्यात ते तसंच असायला हवं, त्यात तक्रार नाही. अनेक डॉक्टर आपल्या चांगुलपणाने कुत्र्याला टाके घालतात, सलाईन लावतात. पण चांगुलपणाला रात्रपाळी नसते. उरला प्रवास. कुत्रं म्हटल्यावर गाडीवाला सीट घाण होईल म्हणून भाडं वाढवून सांगतो किंवा सरळ नाही म्हणतो. जमलेल्या पैशांतला चांगला वाटा डॉक्टरचं तोंड दिसण्याआधीच डिझेलमध्ये जातो.

पैसा कुठे जिरतो हे देणाऱ्याला कुणी सांगतच नाही. पार्वो झालेलं पिल्लू घ्या. उलट्या, रक्ताची हगवण. पाच-सात दिवस सलाईन, उलटी थांबवायचं इंजेक्शन, प्रतिजैविक, आणि इतकं करून वाचेलच याची खात्री नाही. पुढच्या पायात लावलेला कॅन्युला ते दातांनी ओढून काढतं, म्हणून कुणीतरी रात्रभर शेजारी बसायचं. ज्या लशीने हे सगळं टळलं असतं तिचा खर्च या खर्चापुढे किरकोळ. भटक्या कुत्र्यांत जननेंद्रियावर येणारी आणि एकाची दुसऱ्याला लागणारी गाठ असते, डॉक्टर तिला टीव्हीटी म्हणतात. कर्करोगातला हा सगळ्यात ऐकणारा रोग. व्हिन्क्रिस्टीनचं इंजेक्शन आठवड्याला एक, असे चार ते सहा आठवडे, आणि बहुतेक कुत्री ठणठणीत. अवघड औषध नाही. अवघड आहे ते दर आठवड्याला तेच कुत्रं त्याच गल्लीत पकडणं, नाहीतर दीड महिना त्याला ठेवायला पिंजरा असणं. पिंजऱ्यासाठी क्यूआर टाकून पाहा एकदा.

मांजराची तर आणखी पंचाईत. आजारी मांजर कपाटामागे, जिन्याखाली जाऊन बसतं. ज्याचा फोटोच निघत नाही त्याला देणगी कुठून मिळणार? त्यात कुणी कनवाळू ताप आलाय म्हणून माणसांची पॅरासिटामॉल भरवतो. मांजराच्या शरीराला ती पेलत नाही, एक गोळी जीव घ्यायला पुरते. मग वर्गणी निघते ती त्या कनवाळूपणावरच्या उपचाराची.

आता नाजूक गोष्ट. अकोल्याला नेलेल्या कुत्र्याचा मणका तुटलेला निघतो आणि डॉक्टर मान हलवतात. असाध्य आजारी किंवा प्राणघातक जखमी कुत्र्याला पशुवैद्यकाच्या हातून वेदनेविना मरण देण्याची तरतूद २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत आहे, आणि कधी कधी तेच खरं औषध असतं. समजा आठ हजार जमले, तीन खर्च झाले, कुत्रं गेलं. उरलेल्या पाचांचं काय? बहुतेक वेळा ते मागच्या महिन्याच्या मेडिकलच्या उधारीत जातात. त्यात गैर काही नाही. त्या उधारीत या पोरांचा स्वतःचा पगार, शिकवणीचे पैसे आधीच गेलेले असतात. गैर एवढंच की हे आधी कुठे लिहिलेलं नसतं. उरलेली रक्कम उधारीत जाईल, उधारी इतकी आहे, हे बिल, हा दुकानदाराचा शिक्का; एवढी एक ओळ फोटोखाली टाकली तर पुढच्या खेपेला कुजबुज होणार नाही. ती नसते म्हणून प्रामाणिक माणसावर संशय येतो आणि लबाडाला वाट मोकळी होते. कुत्रं वाशीमचं म्हणून फिरत असतं आणि मागच्या दुकानाची पाटी तामिळमध्ये असते. देणाऱ्याने निदान फोटो मोठा करून पाहावा.

गणपतीची वर्गणी काढणारं मंडळसुद्धा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधल्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेतं. कुत्र्यांच्या नावाने स्वतःच्या बचत खात्यावर महिनोन्महिने पैसे घेणाऱ्या बहुतेकांच्या कानावर हे कलम पडलेलंही नसतं. न्यास नोंदवायचा तर लेखापरीक्षण आलं, त्याची फी आली, बदल अर्ज आले. चार कॉलेजकुमारांना ते झेपत नाही हे कबूल. मग जिल्ह्यात, शेजारी, जी जुनी गोरक्षणं आणि पांजरपोळी आहेत त्यांनी आपल्या वहीत कुत्र्या-मांजरांचं एक वेगळं खातं का उघडू नये? ज्यांच्या घटनेत प्राणिमात्रांवर दया असा उद्देश लिहिलेला आहे, त्यांना तर कागद बदलायचीही गरज नाही. पैसे मागायचं काम पोरांनी करावं, सांभाळायचं न्यासाने. कारंज्याच्या शेजारी मूर्तिजापुरात गाडगेबाबांनी गोरक्षण उभं केलं ते लोकांच्याच पैशावर. मागायला ते कधी लाजले नाहीत, पण जमलेला पैसा स्वतःजवळ ठेवला नाही. मागणारा आणि सांभाळणारा वेगळा असला की दोघांचीही झोप चांगली राहते.

गोरक्षणवाले यावर म्हणतील की आमचं काम गायीचं. पांजरपोळ म्हटलं की आज गायच डोळ्यांसमोर येते खरी. पण मुंबईची पांजरपोळ उभी राहिली ती कुत्र्यांवरून. १८३२ च्या जूनमध्ये सरकारी हुकमाने रस्त्यावरची कुत्री मारली जाऊ लागली तेव्हा कोटातले पारशी चवताळून उठले. मारामाऱ्या झाल्या, दुकानं बंद पडली, हिंदू-जैन व्यापारीही त्यात उतरले. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय हे पारशी आणि मोतीचंद अमीचंद ऊर्फ मोतीशा शेठ हे जैन यांच्या पुढाकाराने पांजरपोळ निघाली आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांना हक्काची जागा मिळाली. आम्हाला यातला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. तिचा रोजचा खर्च कुणाच्या जखमा दाखवून भागवला गेला नाही. व्यापाऱ्यांनी आपल्याच मालावर लाग बसवून घेतला: कापसाच्या खंडीमागे काही, साखरेच्या पोत्यामागे काही. कापूस जहाजावर चढला की पांजरपोळीचा पैसा बाजूला पडायचा. त्या दिवशी कुणाचं काळीज हललं की नाही, याला काडीचं महत्त्व नव्हतं. दान आठवणीवर सोडलं नव्हतं, वहीत बांधून टाकलं होतं.

कापसाची आणि बाजाराची भाषा वाशीम जिल्ह्याला परकी नाही. देशातला पहिला नियंत्रित शेतमाल बाजार १८८६ मध्ये आपल्याच कारंज्यात, कापसासाठी सुरू झाला. पण इथे एक धोका आधीच सांगून ठेवलेला बरा. जुन्या बाजारांत धर्मादाय, गोरक्षण, पाठशाळा अशा नावांनी शेतकऱ्याच्या पट्टीतून कटती व्हायची. पुण्य व्यापाऱ्याचं, पैसा कुणब्याचा. असल्या कटतीला चाप लावणं हा बाजार नियमनाचा एक हेतूच होता. तेव्हा कुणी उद्या उठून सोयाबीनच्या पट्टीवर कुत्र्यांचा लाग लावायला निघाला तर आम्हीच आधी आडवे पडू. लाग लावायचा तर अडत्याने आणि खरेदीदाराने आपल्या नफ्यावर लावून घ्यावा. कृषी केंद्रवाला, सराफ, मंगल कार्यालयवाला यांनीही. रक्कम लहान चालेल. महिन्याच्या पाच तारखेला ती खात्यावर पडली पाहिजे, गटावर फोटो असो वा नसो. शंभर घरांनी मनावर घेतलं तर लशींचा साठा, दोन पिंजरे, अकोल्याला जायला ठरलेली एक गाडी आणि मेडिकलची मिटलेली उधारी एवढं नक्की होतं. याने पेपरात बातमी येणार नाही, हा त्यातला एकमेव तोटा.

पैशांच्या पलीकडचंही काही मागता येतं. मुंबईत महालक्ष्मीला टाटांचं छोट्या प्राण्यांचं रुग्णालय २०२४ मध्ये उघडलं, खर्च १६५ कोटी. त्याच सुमारास, जूनच्या शेवटी, खुद्द रतन टाटांना इन्स्टाग्रामवर हात पसरावा लागला, कारण गोचीड तापाचा संशय असलेल्या एका सात महिन्यांच्या कुत्र्याला रक्त हवं होतं आणि ते दुसऱ्या कुत्र्याच्याच अंगातून येणार होतं. वाशीम-कारंज्यात पाळलेली धट्टीकट्टी लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड कमी नाहीत. लसीकरण झालेल्या, निरोगी, मोठ्या कुत्र्यांची नावं आणि मालकांचे क्रमांक एका वहीत लिहून ठेवायला एक पैसाही लागत नाही.

‘इथं मानसाले भेटत नाई अन् कुत्र्याले काय मांगता राजेहो!’ हे वाक्य वर्गणी मागणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेलं आहे. आकांक्षित म्हणून गणल्या जाणाऱ्या जिल्ह्यात ते वाक्य उडवून लावण्यासारखं नाही. पण हे म्हणणाऱ्याने सरकारी दवाखान्यात कुत्रा चावलेल्यांची रांग पाहून यावी. एकदा लक्षणं दिसली की रेबीजमधून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. चावा झाला की लशीचे पुन्हा पुन्हा हेलपाटे, बुडालेली मजुरी, जखम खोल असेल तर वरून सीरम. त्यापेक्षा त्या कुत्र्यालाच वर्षाची एक सुई टोचून ठेवणं हा माणसाच्याच आरोग्याचा खर्च आहे.

आणि तो खर्च खरं तर कुणाचा? निर्बीजीकरण आणि रेबीजची लस ही २०२३ च्या नियमांनी स्थानिक स्वराज्य संस्थांची जबाबदारी आहे. प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असावी, जखमी जनावरांना ठेवायला तिच्याकडे जागा असावी, असं केंद्राचे २००१ चे नियम सांगतात. न्यायालयांनीही बोट ठेवलं ते प्राणिप्रेमींच्या खिशावर. नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितलं की कुत्र्यांना खाऊ घालायचं तर दत्तक घ्या, घरी न्या. त्याला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. मग २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेच दाद मागायला आलेल्या व्यक्तींना प्रत्येकी २५ हजार आणि संस्थांना दोन लाख रुपये भरायला लावले, कुत्र्यांच्या सोयींसाठी पालिकांमार्फत वापरायला. म्हणजे पावती फाडली गेली ती पुन्हा ज्यांना दया येते त्यांच्याच नावाने. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात १२ लाख ७६ हजार भटकी कुत्री मोजली गेली. एवढं काम चार पोरांच्या क्यूआरने उरकेल असं कुणाला वाटत असेल तर त्याने तसं अंदाजपत्रकात लिहून द्यावं.

अंदाजपत्रकावरून आठवलं. नगरपरिषदांची अंदाजपत्रकं दरवर्षी मार्चच्या आत मंजूर होतात. त्यांत मोकाट जनावरांच्या आणि कुत्र्यांच्या बंदोबस्तासाठी किती रक्कम धरली, त्यातली किती खर्च झाली, किती कुत्र्यांना लस टोचली आणि जिल्हा सोसायटीची शेवटची बैठक कधी झाली, हे चार प्रश्न माहिती अधिकाराच्या एका अर्जात मावतात. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो.