हजेरीचे यंत्र आले, वर्ग मात्र रिकामेच! अकरावी-बारावीचे ‘टाय-अप’ का थांबत नाहीत?

अकरावी विज्ञानचे अनेक विद्यार्थी कागदोपत्री कनिष्ठ महाविद्यालयात असतात. दिवस मात्र रामदासपेठेसारख्या भागातील क्लासमध्ये जातो. यालाच ‘टाय-अप’ म्हणतात. क्लास शिकवतो, महाविद्यालय हजेरी लावते आणि पालक दोन्हीकडे पैसे भरतात.

सरकारने काय केले?

जून 2018 मध्ये राज्याने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांना बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. त्यात नागपूर विभागही होता. शाळेच्या वेळेत क्लास नकोत, असे केंद्राने जानेवारी 2024 मध्ये मार्गदर्शक सूचनांतून बजावले. 2025-26 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. तरीही टाय-अप सुरूच आहेत.

अडते कुठे?

विद्यार्थ्याचे गणित साधे आहे. एमएचटी-सीईटीतून अभियांत्रिकीला जाणाऱ्या खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याला बारावीत संबंधित विषयांत 45 टक्के पुरतात. पुढची गुणवत्ता यादी प्रवेश परीक्षेवरच ठरते. मग वर्गात बसायचे कशासाठी? 2013 मध्ये ‘जेईई मेन’च्या गुणवत्ता यादीत बारावीला 40 टक्के भारांश दिला गेला, पण 2017 पासून तोही गेला. वेगवेगळ्या मंडळांच्या गुणांची तुलना करणे सोपे नाही, हेही खरेच.

उपाय काय?

यंत्र बोट ओळखते, शिक्षण नाही. म्हणून सुरुवात प्रात्यक्षिकापासून करावी. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्राला प्रत्येकी 30 गुण प्रात्यक्षिकाचे असतात. ही परीक्षा दुसऱ्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, बाहेरच्या परीक्षकांसमोर घ्यावी. राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशासाठी त्यात किमान गुणांची अट ठेवावी, ती सर्व मंडळांना लागू करावी. गुणांची तुलना नको, फक्त किमान पातळी हवी. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी व्हर्नियर कॅलिपर प्रथमच हातात घेणारे वर्गमित्र मी पाहिले आहेत.

खर्च वाढेल, ग्रामीण भागात आधी प्रयोगशाळा सुसज्ज कराव्या लागतील. पण ते केले तर महाविद्यालयात जाण्याला कारण मिळेल.

क्लासची फी परवडत नाही, त्या मुलाला महाविद्यालय हाच एकमेव आधार असतो. वर्गच भरला नाही, तर सर्वाधिक नुकसान त्याचेच होते.