संकटात नाविक, पगाराला कमिशन



मी क्रूझ जहाजावरच्या स्पामध्ये काम करत होते असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर दोनपैकी एक भाव उमटतो. पहिला कौतुकाचा: "मज्जा आहे, फुकटात जग पाहिलंत!" दुसरा कुणी बोलून दाखवत नाही. नजर जरा खाली जाते आणि विषय बदलतो. 'मसाज' या शब्दाला चिकटलेला संशय त्या नजरेत असतो. या कौतुकात आणि संशयात एक गोष्ट हरवते, ती म्हणजे आमचं काम. या अंकाचं संपादकीय लिहायची पाळी माझ्यावर आली, तेव्हा त्या कामाबद्दलच लिहायचं ठरवलं.

मी नऊ-नऊ महिन्यांचे दोन करार केले. जहाज एका कंपनीचं आणि स्पा चालवणारी कंपनी दुसरी. क्रूझच्या धंद्यात ही सर्रास पद्धत आहे. ठेकेदार कंपनी मुली आणते, जहाज कंपनी जागा देते आणि मिळकतीत दोघींचा वाटा असतो. नेमणूकपत्रावर नाव एकीचं, शिस्त मात्र दोघींची पाळायची.

जहाज भर समुद्रात असलं की प्रवाशांना जायला दुसरी जागा नसते. त्या दिवशी सकाळी आठपासून रात्रीपर्यंत गिऱ्हाइकांची रांग. मसाज ५० मिनिटांचा. उरलेल्या १० मिनिटांत चादर बदलायची, तेल पुसायचं, पुढच्या पाहुण्याला हसून आत घ्यायचं. पाणी प्यायचं, बाथरूमला जायचं, तेही त्याच १० मिनिटांत. जहाज बंदराला लागलं की प्रवासी किनाऱ्यावर जातात आणि स्पा ओस पडतो. मग आम्ही सवलतीची पत्रकं घेऊन जिन्यापाशी उभ्या.

मसाज ही अर्धीच कामगिरी. गिऱ्हाईक उठून बसलं की "तुमच्या खांद्यात फार ताण साठलाय" अशी सुरुवात करून तेलं, क्षार, समुद्री शेवाळाची औषधं विकायची. कुणी किती विकलं याचा हिशोब रोज सगळ्यांसमोर वाचला जायचा. कारण आमची कमाई जवळजवळ सगळी कमिशनची होती. जहाज भरलेलं असलं की बरे पैसे, अर्धं रिकामं गेलं की खोट आमची. जिन्यापाशी उभं राहिलेल्या तासांचं मोल शून्य. धंद्यातली जोखीम मालकानं घ्यायची असते असं आपण समजतो. इथे ती जोखीम अलगद उचलून मसाज करणारीच्या पदरात टाकलेली असते.

मार्च २०२० मध्ये जगभरची क्रूझ जहाजं थांबली. प्रवासी उतरले, पण हजारो कर्मचारी पुढे कित्येक महिने जहाजांवरच अडकले. ज्या बाईची मिळकत गिऱ्हाइकावर, तिला गिऱ्हाईकच नसलेल्या जहाजावर काय मिळणार?

शरीराचं म्हणाल, तर पहिला जातो अंगठा, मग मनगट, मग कंबर. जहाज डोलत असताना तोल सांभाळत दाब द्यायचा असतो. दुखतंय हे आम्ही सांगत नसू, कारण एक दिवस आडवं पडलं की त्या दिवसाची कमाई गेली.

आणि ज्याबद्दल सगळ्यांना विचारायचं असतं पण कुणी विचारत नाही, तेही लिहिते. बंद खोलीत, मंद दिव्यात, आपण एकट्या असतो. बहुतेक गिऱ्हाइकं सभ्य असतात. काही नसतात. एकदा मी मसाज अर्ध्यात थांबवून बाहेर आले. वरिष्ठांचा पहिला प्रश्न होता, "पाहुण्यांना पैसे परत द्यावे लागतील, ते कुणाच्या खात्यातून?" कमिशनवरच्या बाईला 'नाही' म्हणायचीही किंमत मोजावी लागते. म्हणून मला वाटतं, लैंगिक छळाचा प्रश्न आणि वेतनाचा प्रश्न वेगवेगळे मांडून चालणार नाही.

आता मूळ मुद्दा. जहाजावर चढण्यापूर्वी आम्हाला आग विझवण्याचं, जीव वाचवण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागलं. प्रत्येकीला संकटकाळचं काम नेमून दिलेलं होतं. माझं काम होतं जिन्यावर उभं राहून प्रवाशांना जमायच्या जागेकडे वळवणं. जहाज बुडायला लागलं, तर मी शेवटी निघणाऱ्यांपैकी. म्हणजे संकटाच्या वेळी मी नाविक. पगाराच्या दिवशी मात्र कमिशन एजंट!

कायदा काय म्हणतो? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २००६ साली सागरी श्रम करार मंजूर केला. तो २०१३ मध्ये अमलात आला आणि २०१५ मध्ये भारतानं त्याला मान्यता दिली. क्रूझ जहाजं ज्यांचे झेंडे लावून फिरतात, त्या बहामा, पनामा, बर्म्युडा, माल्टा यांनाही तो लागू आहे. या करारात नाविक म्हणजे जहाजावर कोणत्याही नात्यानं काम करणारी व्यक्ती. फक्त डेकवरची किंवा इंजिनापाशी काम करणारी नव्हे. २४ तासांत किमान १० तास विश्रांती किंवा कामाचे जास्तीत जास्त १४ तास, विश्रांतीच्या नोंदीची प्रत, आजारपणात मालकाच्या खर्चानं उपचार, घरी परतीचा प्रवास, जहाजावर आणि बंदरात तक्रार करायचा अधिकार आणि तक्रार केली म्हणून सूड न घेण्याची हमी, हे सगळं त्यात आहे. २०१६ च्या दुरुस्तीनं छळ आणि दादागिरी यांचा उल्लेखही त्यात आला. नोकरी लावून देण्यासाठी नाविकाकडून फी घ्यायलाही करारानं मनाई केली आहे.

माझ्या दोन्ही करारांच्या काळात यातलं एक अक्षरही आम्हाला कुणी सांगितलं नाही.

आपल्या गावाघरांत बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावणारी बाई असते. तिच्या हातातलं कसब आपण 'हाताला गुण आहे' म्हणून उडवून लावतो. कसब म्हटलं की दाम द्यावा लागतो, गुण म्हटला की साडीचोळीवर भागतं. समुद्रावरचा स्पा कितीही चकचकीत असला, तरी बाईच्या हाताकडे बघायची नजर तीच आहे.

महाराष्ट्रातून, गोव्यातून जहाजांवर जाणारे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या आहेत. गोव्यात त्यांना तारवटी म्हणतात, मान आहे, संघटना आहेत. आता ब्यूटी पार्लरचा कोर्स केलेल्या मुलीही जाताहेत. त्यांना 'जाऊ नका' म्हणणं हे आपलं काम नाही. मला त्या कमाईनं स्वतःच्या पायावर उभं केलं, हेही तितकंच खरं. आपलं काम आहे त्यांना नाविक म्हणून ओळखण्याचं.

म्हणून आपल्या गटांनी एवढं तरी करावं. एखादी मुलगी जायला निघाली की तिच्यासोबत बसून करार वाचावा. एजंटाकडे मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे का? मालक म्हणून नक्की कुणाचं नाव आहे? विक्री झाली नाही तरी हातात पडेल अशी ठरलेली रक्कम किती? तिकीट, प्रशिक्षण, उपचार कुणाच्या खर्चानं? कराराची एक प्रत घरी ठेवावी. मुंबईतल्या नॅशनल युनियन ऑफ सीफेअरर्स ऑफ इंडियाशी आपण होऊन बोलावं आणि विचारावं, स्पामधल्या मुलींसाठी तुम्ही काय करता?

तुमच्या भागातल्या, जहाजावर जाऊन आलेल्या मुलींना शोधा. त्यांना कौतुकानं नको, संशयानं नको, कामगार म्हणून भेटा. त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्यांच्यासाठी पानं राखून ठेवली आहेत.