शेवटच्या दिवसाचा हिशेब

दिवाळी अंक घरात आला की आपण पहिल्यांदा कोणते पान उघडतो, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. कथा? छे! कविता तर नाहीच. संपादकांना वाईट वाटेल म्हणून कोणी बोलत नाही इतकेच. पण घरोघरी चकलीचा पहिला तुकडा मोडला जातो तो वार्षिक राशिभविष्यावर. त्यात काही गैर आहे असे मला वाटत नाही. मुलीचे लग्न जमेल का, बदली होईल का, हे आधी कळावे असे कोणाला वाटत नाही?

आमच्या बुलढाणा जिल्ह्याला तर भविष्याची सवयच आहे. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. अठरा प्रकारची धान्ये, मातीची ढेकळे, पाण्याची घागर, वर पुरी, पापड, कुरडई. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणता दाणा कुठे सरकला ते बघून पाऊस, पीक आणि राजा यांचे भाकीत सांगतात. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणारी मंडळी त्यावर टीका करतात, शेतकरी तरी ऐकायला जातात. या भाकिताचा एक गुण मात्र मला आवडतो. त्याची मुदत एका वर्षाची असते. कपाशी गेली तर पुढच्या वर्षी पुन्हा मांडणी असतेच.

जगाच्या शेवटाचे भाकीत निराळे. त्याला पुढचे वर्ष नसते. १९६२ च्या फेब्रुवारीत मकर राशीत आठ ग्रह एकत्र आले, तेव्हा देशभर यज्ञ झाले आणि जग बुडणार म्हणून भल्याभल्यांची झोप उडाली. जग बुडाले नाही. पुढे जून २०२० मध्ये, करोनाच्या टाळेबंदीत, लोणारचे पाणी अचानक गुलाबी झाले. विष्णूने जिथे लोणासुराला मारले तेच हे सरोवर. मला त्या आठवड्यात तीन फोन आले, "लोणासुराचं रक्त वर आलं, आता काही खरं नाही" असे सांगणारे. पुण्याच्या आघारकर संस्थेने पाणी तपासले, तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव सापडले. काही दिवसांनी रंग ओसरला. तीनपैकी एकाचाही पुन्हा फोन आला नाही.

याच दिवसांत आमच्या शेजारच्या सिस्टर माझ्याकडे आल्या. त्यांचे नाव गल्लीत कोणी घेत नाही. खामगावात पस्तीस वर्षे परिचारिका म्हणून नोकरी केल्यामुळे त्या सगळ्यांच्या सिस्टरच. मी निवृत्त गणित-शिक्षक, म्हणून त्यांचा मास्तर.

"मास्तर, आमचं पोट्टं ऐकूनच नाही राहिलं," दारातूनच त्या म्हणाल्या. "नर्सिंगला नंबर लागू शकते, पण फॉर्म भरत नाही. म्हणते, जग संपून राहिलं, तीन वर्षं शिकून करू काय? बायबलातनं हिशेब काढला म्हणते. तुम्ही गणिताचे. तुम्हीच पाहा ना."

नातू दुसऱ्या दिवशी वही घेऊन आला. मास्क लावून, लांब बसून, पण डोळ्यांत चमक. मला वाटले होते प्रकटीकरणातले पशू आणि शिंगे निघतील. तसे नव्हते. सगळा हिशेब पहिल्याच पुस्तकातला, उत्पत्तीतला. आदाम, हनोख, नोहा, लोट, योसेफ. याचे म्हणणे, या नुसत्या झालेल्या गोष्टी नाहीत, होणाऱ्या आहेत. जलप्रलय म्हणजे पुढच्या नाशाची नक्कल. हनोखाला देवाने मरणाशिवाय उचलून नेले, तसेच भक्तांना वर नेणार. योसेफाचा सात वर्षांचा दुष्काळ म्हणजे सात वर्षांचे शेवटचे संकट. सृष्टीचे सहा दिवस म्हणजे सहा हजार वर्षे, आणि सातवा दिवस विसाव्याचा.

मुलगा काही नवे सांगत नव्हता. सहा दिवसांची सहा हजार वर्षे करण्याची युक्ती ख्रिस्ती मंडळीत अठराशे वर्षांहून जुनी आहे. तिसऱ्या शतकात रोमच्या हिप्पोलिटसाने सांगितले की सृष्टीपासून ५५०० वर्षांनी ख्रिस्त जन्मला. म्हणजे शेवट इसवी सन ५०० च्या सुमारास. ते वर्ष गेले. १६५० मध्ये आयर्लंडच्या उशर या आर्चबिशपने सृष्टीचे वर्ष इसवी सनापूर्वी ४००४ ठरवले. मग सहा हजार वर्षे १९९७ मध्ये भरली. मी त्या वर्षी दहावीचे पेपर तपासत होतो.

पण गणिताच्या मास्तरला हिशेब नापसंत कसा असेल? वहीतले एक पान तर मला फारच आवडले. मथुशलह ९६९ वर्षे जगला. त्याला १८७ व्या वर्षी लामेख झाला, लामेखाला १८२ व्या वर्षी नोहा, आणि नोहाच्या ६०० व्या वर्षी प्रलय आला. बेरीज करा: बरोबर ९६९. म्हणजे सर्वांत म्हातारा माणूस ज्या वर्षी गेला त्याच वर्षी पाणी आले! "बघा सर," तो म्हणाला, "देव म्हातारा जाईपर्यंत थांबला. हा योगायोग आहे का?"

मी म्हटले, "बेरीज पक्की आहे. आता दुसरी कर." बायबलाच्या जुन्या ग्रीक भाषांतराच्या काही प्रतींत त्या १८७ च्या जागी १६७ आहेत आणि १८२ च्या जागी १८८. त्याने बेरीज केली. ९५५ आले. म्हणजे मथुशलह प्रलयानंतर चौदा वर्षे जिवंत. आणि तारवात तर तो नव्हता! हा घोटाळा संत ऑगस्टिनच्याही लक्षात आला होता, सोळाशे वर्षांपूर्वी. त्याने हिब्रू आकडे बरोबर मानले आणि चूक नक्कल करणाऱ्यांवर ढकलली. मुलगा आकड्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "पण नोहाचे दिवस तर येशूनेच सांगितलेत."

हे खरे होते. मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात तसे आहे, आणि तो दिवस कोणालाही ठाऊक नाही हेही त्याच जागी आहे. तिथे नोहाच्या काळच्या लोकांची कोणती कृत्ये सांगितली आहेत? खाणे, पिणे, लग्ने करणे. लूकमध्ये लोटाच्या काळच्या लोकांची यादी आहे: विकत घेणे, विकणे, लावणी करणे, घरे बांधणे. सदोमाची बदनामी ठाऊक असलेल्या माणसाला ही यादी वाचून आश्चर्यच वाटावे. ही तर आमच्या खामगावच्या बाजाराची यादी आहे! शिवाय उत्पत्तीतली गोष्ट तारवापाशी संपत नाही. पाणी ओसरल्यावर पेरणी आणि कापणी थांबणार नाही असे वचन आहे, ढगात धनुष्य आहे. शेवट शोधणारे नेमके त्याआधी पुस्तक मिटतात.

हे सगळे मी बोललो आणि मुलाने ऐकून घेतले. माझ्या पिढीच्या शिक्षकांना ऐकून घेणे आणि पटणे यांतला फरक चांगला कळतो. त्याला पटले नव्हते.

इतका वेळ सिस्टर ओट्यावर गप्प बसल्या होत्या. इथे थोडा इतिहास सांगायला हवा. वऱ्हाडात अकोला, खामगाव, मलकापूर, बुलढाणा या भागात जे मिशन आले ते अलायन्स मिशन. त्याचा संस्थापक ए. बी. सिम्प्सन हा कॅनडात जन्मलेला, न्यूयॉर्कचा उपदेशक. त्याने १८८७ मध्ये काम उभारले. त्यांच्या चिन्हात क्रूसाबरोबर एक मुकुट आहे, येणाऱ्या राजाचा. सुवार्ता साऱ्या जगात पोचली की शेवट येईल, म्हणून लवकर पोचवा, ही त्यांची घाई. म्हणजे आमच्या कपाशीच्या मुलखात ही माणसे आली तीच मुळी जगाचा शेवट जवळ आहे असे धरून. आणि आल्यावर त्यांच्यापुढे काय वाढून ठेवले होते? १८९९-१९०० चा दुष्काळ. अकोल्याला मुलांचे अनाथालय निघाले, खामगावला मुलींचे.

"माझी आजी त्यातली," सिस्टर नातवाला म्हणाल्या. "सहा वर्षांची होती. माय रस्त्यात गेली. मिससाहेब रोज सांगे, राजा येऊन राहिला, तयार राहा. आजी मला सांगे, आम्ही रात्री चपला उशाशी घेऊन झोपत होतो. पण पहिली झाली की दुसरीत घाले, दुसरी झाली की तिसरीत. शिवण शिकवलं. विहीर खोदली. आता तू सांग, राजा उद्या येणार होता, तर तिसरीतल्या पोरीला चौथीत कायले घातलं?"

मुलगा काही बोलला नाही. मीही नाही.

"आणि तुझा तो योसेफ," त्या पुढे म्हणाल्या. "त्याला तर खरंच माहीत होतं, तारखेसकट. सात वर्षं सुकाळ, सात वर्षं दुष्काळ. मग तो घरी बसला का? पाचवा हिस्सा धान्य भरून ठेवलं त्यानं. कोठारं बांधली."

मला आणखी एक भर घालावीशी वाटत होती. त्याच कोठारातल्या धान्यासाठी लोकांनी आधी गुरे दिली, मग जमिनी दिल्या, शेवटी स्वतःला फारोचे गुलाम करून घेतले. ते सत्तेचाळिसाव्या अध्यायात आहे आणि सावकारी पाहिलेल्या वऱ्हाडी माणसाला ते समजावून सांगावे लागत नाही. शेवटाची भाकिते काढणारे त्या अध्यायाकडे फिरकत नाहीत. पण सिस्टर बोलत असताना मध्ये तोंड घालायची आमच्या गल्लीत पद्धत नाही.

फॉर्म भरण्याच्या शेवटच्या दिवशी, नेट कॅफे बंद म्हणून, तो माझ्याच फोनवरून भरला गेला. शेवट जवळ आहे हे मत त्याने सोडले असे समजू नका. "जवळ आहेच सर," पाठवण्याचे बटण दाबताना तो म्हणाला, "पण तोवर इंजेक्शन कोणीतरी द्यायला पाहिजे."

आता तो अकोल्याला एका रुग्णालयात रात्रपाळी करतो. गेल्या महिन्यात सुटीवर आला, आजीला साडी आणली, मला पेढे. जाताना वही मागून घेतली. हनोख बरोबर ३६५ वर्षे जगला, आणि वर्षाचे दिवसही तेवढेच, यात काहीतरी आहे म्हणतो.