विश्लेषण : धबधब्यांवर बंदी, पण पोटाचे काय? मावळाने कांदळवनाकडून काय शिकावे?

पावसाळा लागला की आमच्या डिजिटल डेस्कवर दोन बातम्या ठरलेल्या असतात. पहिली, ‘लोणावळ्यात पर्यटकांची तोबा गर्दी’. दुसरी, ‘पर्यटनस्थळांवर बंदी’. या दोन बातम्यांच्या मध्ये कणसे, भजी आणि चहा विकणारी स्थानिक कुटुंबे असतात. त्यांची बातमी क्वचितच होते.

बंदी चुकीची आहे का?

नाही. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून चार जणांचा मृत्यू झाला. अशा घटनांनंतर निर्बंध येणे रास्तच. पण बंदीने पर्यटकाची एक सुट्टी बुडते, विक्रेत्याचा हंगाम बुडतो. मग तोच विक्रेता आडवाट दाखवू लागला, तर दोष एकट्याचा कसा?

कांदळवनात काय बदलले?

कोकण किनाऱ्यावरही आधी बंदीच आली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनांच्या तोडीला लगाम घातला. २०१२ मध्ये राज्याने स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. पण केवळ राखण करून भागणार नाही, हे पुढे लक्षात आले. २०१७ मध्ये कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना आली. खेकडापालन, कालवेपालन, शोभिवंत मासे, निसर्ग पर्यटन अशा कामांसाठी सामूहिक प्रकल्पाला ९० टक्के, तर वैयक्तिक प्रकल्पाला ७५ टक्के अर्थसाह्य ठरले. त्याच वर्षी वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या महिलांनी पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवायला सुरुवात केली.

यातले गणित सरळ आहे. झाड उभे राहिले तरच होडीला गिऱ्हाईक. म्हणजे राखण करणाऱ्याला त्या राखणीतूनच कमाई.

मावळाचा यात काय संबंध?

वाटतो त्यापेक्षा जवळचा. मावळात पडणारा पाऊस टाटांच्या धरणांत साठतो, खोपोली आणि भिवपुरीच्या वीजकेंद्रांतून घाटाखाली उतरतो आणि पाताळगंगा, उल्हास या नद्यांच्या खोऱ्यांतून खाड्यांकडे जातो. माथ्यावरचे जंगल आणि खाडीतले कांदळवन एकाच पाण्याने जोडलेले आहेत. धोरण मात्र जोडलेले नाही.

मग करायचे काय?

पहिले, निवडक ठिकाणी मर्यादित प्रवेश, आगाऊ नोंदणी आणि शुल्क. बचाव कार्याचे प्रशिक्षण घेतलेल्या गावच्या गटाकडे तिथली जबाबदारी, आणि शुल्कातला ठरलेला वाटा गावाच्या खात्यात. पाणी वाढले की प्रवेश बंद. त्या दिवसांचे मानधन मात्र चालू. नाहीतर धोका दिसत असूनही वाट उघडी ठेवण्याचा मोह होणारच.

दुसरे, पावसाळ्यापलीकडची कमाई. ‘इंद्रायणी’ हा भाताचा वाण वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातला. त्याच्या नावावर कुठलाही तांदूळ खपतो आणि फायदा व्यापाऱ्याचा होतो. करवंदे, जांभळे आजही ठाकर, कातकरी बायका पाट्या घेऊन रस्त्याकडेला विकतात. प्रक्रिया आणि थेट विक्रीची सोय झाली तर तोच माल चार पैसे जास्त देईल.

तिसरे, हक्क. वनहक्क कायदा २००६ नुसार ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मागता येतो. हक्क मिळाला तर गाव जंगलाचे राखणदारही होते आणि वाटेकरीही.

अडचणी नाहीत का?

आहेत. अनुदान संपले की गट बसतात, हा अनुभव सगळीकडचा. ‘स्थानिक’ या नावाखाली बाहेरचा पैसेवाला ठेका घेईल, ही भीतीही खरी. अभियांत्रिकी शिकताना एक गोष्ट डोक्यात बसली : यंत्रणेची चाचणी उद्घाटनाच्या दिवशी होत नाही, भार पडल्यावर होते. म्हणून किती गटांना पैसे वाटले, हे मोजू नये. तीन वर्षांनी किती गट स्वतःच्या कमाईवर उभे आहेत, हे मोजावे.

बंदीचा आदेश जिल्हा मुख्यालयातून निघतो. पाण्याचा रंग बदलला, हे सगळ्यात आधी दिसते ते धबधब्यासमोर शेगडी पेटवून बसलेल्या माणसाला. त्याला हुसकावून लावायचे की शिट्टी देऊन उभे करायचे, हे पुढच्या पावसाळ्याआधी ठरायला हवे.